प्रशस्तीच्या खालचा मजकूर

अंकोर वाटच्या पश्चिम गोपुरात, मुख्य वाटेच्या किंचित उजवीकडे, आठ हातांची एक भव्य विष्णुमूर्ती उभी आहे. तिच्या खांद्यावर भगवे-पिवळे रेशमी वस्त्र असते, पायांशी उदबत्त्यांचा धूर आणि कमळाच्या कळ्या. २०२४ च्या जानेवारीत आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा आमच्या पुढे चाललेले एक मराठी गृहस्थ त्या मूर्तीसमोर थबकले, हात जोडले आणि मागे वळून आम्हां सर्वांना म्हणाले, "बघा, हे सगळं आपलंच!" गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या स्वरात दर्प नव्हता. जुन्या कागदांत अचानक आपल्या घराण्याची दूरची शाखा सापडावी तसा गहिवर होता. आम्हांला हसू आले नाही. खरे सांगायचे तर ते वाक्य त्यांच्या तोंडून निघण्यापूर्वी आमच्याही मनात उमटून गेले होते.

आमची मार्गदर्शक तरुणी नम्रपणे हसली आणि म्हणाली की गावकरी याला 'ता रीच' म्हणतात. 'ता' म्हणजे आजोबा. ता रीच म्हणजे राजा-आजोबा. तो या जागेचा राखणदार आहे. परीक्षा, आजारपण, हरवलेले जनावर, अशा कामांसाठी त्याला साकडे घालतात. कोकणात किंवा देशावर वाढलेल्या माणसाला हे समजायला अडचण पडू नये. आपल्याकडच्या शिवेवरच्या म्हसोबाला कोणी शास्त्री 'महिषासुराचे रूप' म्हणाला, तरी शेतकरी नारळ फोडतो तो म्हसोबापुढेच. पण मुख्याध्यापकांनी तिचे वाक्य आपल्या सोयीने ऐकले. "म्हणजे विष्णूच," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे पुढे सरकलो.

आत पश्चिमेच्या दालनात कुरुक्षेत्र आहे. शरपंजरी भीष्म, अर्जुनाच्या रथावर चतुर्भुज कृष्ण, एकमेकांत घुसलेली पायदळे. आमच्या मंडळींनी भराभर पात्रे ओळखली. लहान मुलांप्रमाणे एकमेकांना दाखवली, छायाचित्रे घेतली. त्या एका दालनात आम्ही अर्धा तास होतो. मग कोपरा वळून दक्षिणेच्या दालनात आलो. इथे सूर्यवर्मन दुसरा, ज्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे देऊळ उभारले तो राजा, आसनावर बसला आहे आणि त्याच्यासमोरून त्याचे सेनापती हत्तींवरून, छत्रांच्या गर्दीतून चालले आहेत. त्यांची नावे शेजारी कोरलेली आहेत. पुढे वेगळ्याच केशरचनेची, जराशा विस्कळीत शिस्तीची 'स्याम' सैनिकांची तुकडी येते. शिल्प म्हणून हा पट कुरुक्षेत्राइतकाच, आमच्या मते काकणभर अधिकच, जिवंत आहे. आमचा गट तिथून पाच मिनिटांत बाहेर पडला, कारण तिथे ओळखण्याजोगे कोणी नव्हते.

अर्धा तास आणि पाच मिनिटे. या हिशेबाने आम्हांला पुढचे तीन दिवस सोडले नाही. आपण अंकोरला जातो ते पाहायला जातो की ओळख पटवायला? आणि जिथे ओळख पटत नाही तिथे आपले डोळे इतक्या सहज का मिटतात?

दुवा खोटा आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. तो पक्का आहे, आणि तो नाकारणे हा दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा ठरेल. 'अंकोर' हा शब्दच संस्कृत 'नगर'चे ख्मेर रूप आहे: नगर, नोकोर, अंकोर. राजांची नावे यशोवर्मन, राजेंद्रवर्मन, जयवर्मन. नवव्या शतकाच्या अखेरीस बाखेंगच्या टेकडीभोवती वसवलेल्या राजधानीचे नाव यशोधरपूर. ख्मेर लिपीचे मूळ दक्षिण भारतातल्या लिप्यांत. आणि संस्कृत शिलालेख तर इतके, आणि इतक्या सफाईदार वृत्तांत, की कोणत्याही संस्कृतज्ञाला भरून यावे. घोडदळ न पाठवता, कर न बसवता एक भाषा समुद्रापार जाते आणि तिथले राजे आपले यश त्या भाषेत गाऊन घेतात, हा इतिहासातला नवलाचाच प्रकार आहे.

परंतु हेच शिलालेख जरा शेवटपर्यंत वाचावेत. अंकोरच्या काळातले आणि त्याआधीचेही अनेक लेख द्विभाषी आहेत. आरंभी संस्कृत श्लोक: शिवाची किंवा विष्णूची स्तुती, राजाचे तेज, त्याच्या तलवारीपुढे विझलेले शत्रूंचे प्रताप. मग श्लोक थांबतात आणि खाली ख्मेर गद्य सुरू होते. त्यात अलंकार नाहीत. अमुक शेत, त्याची पूर्वेची सीमा तमुक तळ्यापर्यंत, इतके तांदूळ, इतके तूप, इतके मध, इतक्या म्हशी, आणि देवाच्या सेवेला दिलेली इतकी माणसे, नावानिशी. शेल्डन पोलॉक यांनी या वाटणीवर पुष्कळ लिहिले आहे: कंबोडियात संस्कृतकडे गौरवाचे काम होते आणि ख्मेरकडे नोंदीचे. तारीख घातलेला सर्वांत जुना ख्मेर लेख इ. स. ६११ चा, अंकोर बोरेई येथला. त्याचा विषय काय? देवळाला दिलेली माणसे आणि जनावरे. एका भाषेने कालनिर्देशासह प्रथम तोंड उघडले ते कोणाला कोणाच्या ताब्यात दिले हे सांगण्यासाठी!

या याद्यांतली नावे वाचताना माणूस अस्वस्थ होतो. काही फुलांची, काही लाडाची. आणि पुढे पुढे 'कुत्रा', 'मांजर', 'दुर्गंधी' अशीही. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून पोराचे नाव धोंडू, दगडू, केरू ठेवीत, त्यातले वात्सल्य इथे शोधण्याचा मोह होतो. पण देवळाच्या मालमत्तेच्या यादीत, म्हशींच्या आकड्याशेजारी लिहिलेले 'दुर्गंधी' हे नाव आईने ठेवले असेल असे आम्हांला वाटत नाही.

आता गंमत पाहा. ज्या घटनेला अंकोर साम्राज्याचा जन्म मानतात, म्हणजे ८०२ मध्ये महेंद्र पर्वतावर, आजच्या कुलेनच्या डोंगरावर, दुसऱ्या जयवर्मनाने करवून घेतलेला विधी, तिचा मुख्य वृत्तांत आपल्याला मिळतो तो १०५२ च्या स्दोक काक थोमच्या शिलालेखातून. हा लेख द्विभाषी आहे. राजा 'जावा'हून आला, हा देश यापुढे जावाच्या अंकित राहू नये आणि त्यावर एकच चक्रवर्ती असावा म्हणून विधी केला, ही हकीकत त्यातल्या ख्मेर भागात आहे. ज्या 'देवराज' पंथाच्या नावावर आपल्याकडे व्याख्याने होतात त्याचे ख्मेर नाव 'कम्रतेङ जगत त राज' असे आहे. 'देवराज' हे त्याचे संस्कृत भाषांतर. म्हणजे इतिहास ख्मेरमध्ये आणि त्याचा पोशाख संस्कृतमध्ये. आपण पोशाख आपल्या शिंप्याने शिवला हे ओळखतो, आणि तो घालणारा माणूसही आपलाच असल्याचे जाहीर करून मोकळे होतो.

मराठी वाचकाला ही वाटणी परकी वाटू नये. चाळीसगावजवळच्या पाटण गावी शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ चा, शिलालेख आहे; डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची ही नोंद. लेखाचा मोठा भाग संस्कृतात: वंशवर्णन, विद्वत्ता, राजस्तुती. आणि शेवटी, जिथे पाटणच्या बाजारातल्या विक्रीतला वाटा, घाण्यामागे द्यायचे तेल अशा व्यवहारी गोष्टी येतात, तिथे लेख मराठी होतो. कारण उघड आहे. श्लोक कळला नाही तरी तेल्याचे काही अडत नव्हते. तेल किती द्यायचे ते मात्र त्याला कळायलाच हवे होते. आज आपण या लेखाकडे जातो ते कशासाठी? भास्कराचार्यांसाठी जातो, हे खरेच. पण मराठीचा अभ्यासक जातो तो त्या शेवटच्या ओळींसाठी. त्या ओळी आपल्या आहेत, म्हणून आपण त्या शोधून वाचतो. अंकोरमध्ये तेवढेच सौजन्य दुसऱ्याच्या शेवटच्या ओळींना दाखवायला आपल्याला जड का जावे?

दुसऱ्या दिवशी आम्ही ता प्रोह्मला गेलो. झाडांनी गिळलेले देऊळ म्हणून ते प्रसिद्ध आहे. भिंतींवरून अजगरासारखी उतरलेली मुळे, आणि त्या मुळांपुढे छायाचित्रासाठी लागलेली रांग. एका चित्रपटामुळे ती रांग अधिकच लांबली असे म्हणतात. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी हे देऊळ बरेचसे जसे सापडले तसे ठेवायचे ठरवले, म्हणून ते आज असे दिसते. त्या 'जसे सापडले'मध्येही पुष्कळ झाडतोड, पुष्कळ टेकू आणि पुष्कळ निवड आहे. अवशेषसुद्धा राखावे लागतात. आत भारतीय आणि कंबोडियन ध्वज असलेला फलक दिसला आणि आमच्या मंडळींची छाती पुन्हा फुगली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग इथे बरीच वर्षे काम करीत आहे. नर्तकींच्या दालनाचे काम २०२२ मध्ये पुरे झाले. त्यापूर्वी १९८६ ते १९९३ या काळात याच विभागाने अंकोर वाटमध्ये काम केले, तेही अशा वेळी की त्या सरकारला मान्यता द्यायलाही फारसे देश तयार नव्हते आणि भोवतालच्या जंगलात सुरुंग पेरलेले होते. त्या कामात दगड रसायनांनी आणि ब्रशांनी घासून काढल्याबद्दल जगभर टीका झाली, ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. पण धोका पत्करून कोणी आले होते हेही विसरू नये. असो.

ता प्रोह्मचे जुने नाव राजविहार. सातव्या जयवर्मनाने ११८६ मध्ये प्रज्ञापारमितेच्या रूपात आपल्या आईची मूर्ती इथे स्थापन केली. त्याचा शिलालेख जॉर्ज सेदेस यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केला. इथे हिशेबही संस्कृत श्लोकांतच आहे, म्हणजे आमचे वरचे सूत्र इथे तंतोतंत लागू पडत नाही हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो. मात्र हिशेब काय आहे तो पाहावा. विहारात राहणारी माणसे १२,६४०. त्यांत मुख्य पुरोहित १८, विधी करणारे २,७४०, साहाय्यक २,२०२, नर्तकी ६१५. विहाराच्या पोषणासाठी लावून दिलेली गावे ३,१४०. त्या गावांतून विहारासाठी राबणारी माणसे ७९,३६५. शिवाय मोती ४०,६२०, छत्र्या ५२३, रेशमी शय्या ५१२. त्याच लेखात राज्यभरच्या १०२ रुग्णालयांचाही उल्लेख आहे, आणि तो वाचून सातव्या जयवर्मनाविषयी आदर वाटतो, आम्हांलाही वाटला. पण ७९,३६५ हा आकडा घशाखाली उतरत नाही. एका आईच्या मूर्तीसाठी ऐंशी हजार माणसे! त्या ६१५ नर्तकींच्या दालनाचा जीर्णोद्धार झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण तिथे उभे राहून आमच्यापैकी कोणी त्या ६१५ जणींविषयी एक अक्षर बोलले नाही. बोलणे चालले होते ते नृत्यमुद्रा भरतनाट्यमशी जुळतात की नाही याचे.

याच राजाच्या बायोन मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर मात्र ही माणसे एकदाची दिसतात. वर बुरुजांवर ती विशाल, अर्धोन्मीलित मुखे. ती सर्वांना माहीत आहेत. खाली दक्षिणेच्या भिंतीवर बाजार भरलेला आहे. बायका माल मांडून बसल्या आहेत; १२९६-९७ मध्ये इथे वर्षभर राहिलेल्या चिनी दूतमंडळातल्या चौ ता-क्वान यानेही इथला व्यापार बायकांच्या हाती असल्याचे लिहून ठेवले आहे. कोंबड्यांची झुंज चालू आहे, पैज लावणाऱ्यांचे चेहरे ताणलेले आहेत. कोणी भात शिजवतो आहे. एक बाई बाळंत होते आहे. तोनले सापच्या पाण्यात मासे आणि सुसरी आहेत, आणि त्याच पाण्यावर चाम लोकांशी नौकायुद्ध. एकही पात्र ओळखीचे नाही. आम्ही तिथे दुपारभर होतो, आणि तीन दिवसांतली ती सर्वांत आनंदाची दुपार होती. मंडळी तोवर खरेदीला गेली होती.

'हे आपलंच' या वाक्याला इतिहास आहे, आणि तो मुख्याध्यापकांनी निर्माण केलेला नाही. १९२६ मध्ये कलकत्त्यात 'ग्रेटर इंडिया सोसायटी' स्थापन झाली. रमेशचंद्र मजुमदार यांच्यासारख्या मोठ्या इतिहासकाराने चंपा, सुवर्णद्वीप, कंबुजदेश यांवर ग्रंथ लिहिले आणि त्यांत 'वसाहत' ही कल्पना मोकळेपणाने वापरली. गुलाम देशातल्या विद्वानाला आपल्या पूर्वजांनीही कोठे वसाहती केल्या होत्या याचा आधार वाटावा, हे समजण्यासारखे आहे. त्यावर आज टिंगल करणे सोपे. परंतु ज्या रोगाने आपण पिडलो होतो त्याचेच औषध करून घेतले, एवढे तरी म्हणावे लागेल. तिकडे फ्रेंचांनी आपली वेगळी कथा रचली: १८६० मध्ये आंरी मुओ याने जंगलात हरवलेले अंकोर 'शोधले' ही ती कथा. अंकोर वाट कधी हरवलेच नव्हते. तिथे भिक्षू राहत होते. १६३२ मध्ये आलेल्या एका जपानी यात्रेकरूने खांबावर लिहून ठेवलेला मजकूर आजही आहे. हरवले होते ते फ्रेंचांपुरते.

आणि खुद्द कंबोडियातही सत्ताधाऱ्यांनी हे दगड काही निरागसपणे वापरलेले नाहीत. राजवटी बदलल्या, राष्ट्रध्वजावरची अंकोर वाटची आकृती मात्र जवळजवळ सर्वांनी ठेवली, ख्मेर रूजनीसुद्धा. अंकोर बांधणारे लोक काहीही करू शकतात या गर्वाच्या बळावर १९७५ ते १९७९ मध्ये शहरे रिकामी करून माणसांना कालवे खणायला जुंपले, आणि पंधरा ते वीस लाख माणसे मेली. जानेवारी २००३ मध्ये एका थाई अभिनेत्रीने अंकोर वाट थायलंडचे असल्याचे म्हटले, अशी नुसती अफवा उठली आणि नोम पेन्हमधला थाई वकिलातीचा वाडा जळाला. २०१२ मध्ये बिहारमधल्या एका देवस्थानाने अंकोर वाटची प्रतिकृती, तीही मुळापेक्षा मोठी, उभारण्याचे जाहीर केले तेव्हा कंबोडिया सरकारने आक्षेप घेतला आणि आराखडा बदलावा लागला. २०२५ च्या जुलैत थायलंड-कंबोडिया सीमेवर, जुन्या ख्मेर देवळांच्या अवतीभोवती, पाच दिवस तोफा चालल्या आणि वर्षअखेरीस पुन्हा चालल्या. अशा मुलुखात जाऊन, दोन दिवसांचे पाहुणे असताना, 'हे आपलंच' असे मोठ्याने म्हणणे हा आमच्या मते किमान शिष्टाचाराचा भंग आहे. पण शिष्टाचार ही लहान गोष्ट झाली. आमची खरी तक्रार वेगळी आहे: मालकीच्या या बोलण्यात, मग ते आपले असो, फ्रेंचांचे असो वा तिथल्या राज्यकर्त्यांचे, शिलालेखाचा वरचा भागच तेवढा वाचला जातो.

तिसऱ्या दिवशी आम्ही गट सोडून एकटेच पुन्हा अंकोर वाटला गेलो. तिकीट तीन दिवसांचे, ६२ डॉलरचे. ते वसूल करावे हा मध्यमवर्गीय हेतूही त्यात होता. सूर्यवर्मनाच्या मिरवणुकीपलीकडचे दालन आदल्या वेळी राहिले होते. तिथे स्वर्ग आणि नरक आहेत: ३७ स्वर्ग, ३२ नरक. अठरा हातांचा यम रेड्यावर बसून निवाडा करतो, जवळ चित्रगुप्त आहे. स्वर्ग कंटाळवाणे आहेत. सगळे एकसारख्या महालांत एकसारखे बसलेले. शिल्पकाराचा हात रंगला आहे तो नरकांत. आणि इथे पुन्हा तीच वाटणी भेटली. नरकाचे नाव संस्कृत. तिथे कोण जातो ते मात्र ख्मेरमध्ये लिहिलेले. धान्य चोरणाऱ्यांची पोटे भयानक फुगलेली आहेत. शिवाच्या बागेतली फुले तोडणाऱ्यांच्या डोक्यांत खिळे ठोकले आहेत. चोरांना थंडीत कुडकुडत ठेवले आहे. त्या उष्ण देशात थंडीइतके भयंकर दुसरे काय सुचणार! आणि एक नरक आहे 'अस्थिभंग'. दुसऱ्याची घरे, बागा, तळी, विहिरी यांची नासधूस करणाऱ्यांची तिथे हाडे मोडली जातात.

या अस्थिभंगापुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो, कारण आदल्या संध्याकाळी आमचा टुकटुकवाला जे बोलला होता ते डोक्यातून जात नव्हते. हा तिशीतला तरुण. तीन दिवस त्याच्याच वाहनातून आमची ये-जा होती. आईवडील कुठे असतात असे सहज विचारले. तो म्हणाला, आता रुन ता एकला. 'आता' हा शब्द त्याने जरा थांबून उच्चारला.

रुन ता एक ही अंकोरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर वसवलेली नवी वसाहत. २०२२ च्या अखेरीपासून अंकोरच्या संरक्षित क्षेत्रातल्या सुमारे दहा हजार कुटुंबांना तिथे आणि अशाच एका दुसऱ्या जागी हलवण्याची मोहीम सुरू झाली. कुटुंबाला वीस मीटर गुणिले तीस मीटरचा भूखंड मिळतो. घर ज्याचे त्याने बांधायचे. सरकारचे म्हणणे असे की ही माणसे अतिक्रमण करून राहिलेली आहेत, ती स्वखुशीने जात आहेत, आणि क्षेत्रातल्या ११२ परंपरागत गावांना धक्का लागणार नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने नोव्हेंबर २०२३ मध्ये अहवाल काढून याला बळजबरीचे विस्थापन म्हटले. वारसा वाचवण्यासाठी हे करावे लागते असे सांगितले जाते. युनेस्कोने मात्र आपण माणसे हलवायला सांगितले नव्हते असे म्हटले आहे. हे सारे सांभाळणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे नाव, संक्षेपाने, 'अप्सरा'.

अतिक्रमण अजिबात झालेले नाही असे कोणी म्हणणार नाही. १९९२ मध्ये अंकोर जागतिक वारसा यादीत आले, पर्यटक आले, त्यांच्यामागे दुकाने, टपऱ्या आणि घरे आली. देवळांभोवतीच्या जमिनीवर आणि भूजलावर ताण आहे. पाणी सर्वांत अधिक कोण उपसते, गावकरी की सिएम रीपची हॉटेले, हा प्रश्न विचारायला मात्र कोणी उत्सुक नाही. आम्ही त्याच एका हॉटेलात उतरलो होतो आणि तिथे पोहण्याचा तलाव होता, हेही नोंदवून ठेवतो.

पण 'देवळांत माणसे राहू लागली' हे वाक्यच मुळात उलटे आहे. २०१२ मध्ये विमानातून लेझर किरण सोडून या भागाचे सर्वेक्षण झाले. झाडांखालची जमीन त्यात प्रथमच नीट दिसली. अंकोर वाटच्या आणि ता प्रोह्मच्या तटांच्या आत काय सापडले? सरळ रेषांत आखलेले रस्ते, घरांसाठी केलेले उंचवटे, आणि त्यांच्याजवळ लहान तळी. घर, उंचवटा, तळे. पुन्हा घर, उंचवटा, तळे. घरे लाकडाची आणि गवताची होती म्हणून गेली. दगड फक्त देवांसाठी होता म्हणून देव राहिले. दूर शेतांपर्यंत पसरलेल्या त्या नगरात ऐन भरात सात ते नऊ लाख माणसे असावीत असा अलीकडचा अंदाज आहे. आपण ज्याला 'अवशेष' म्हणतो तो त्या वस्तीचा, म्हणजे त्या ख्मेर गद्याचा, उरलेला मथळा आहे. आणि आता वारसा म्हणून जे राखायचे ठरले आहे त्यात मथळा आहे, मजकूर नाही. आपल्या पाटणच्या लेखातला मराठी भाग कोणी तासून काढला आणि वर गुळगुळीत दगड चकाकत ठेवला, तर आपल्याला कसे वाटेल?

आम्ही पाहुणे. दहा हजार कुटुंबांच्या बाबतीत आमच्या मताला काडीइतकी किंमत नाही हे आम्ही जाणतो. मात्र आपण तिथे काय पाहायला जातो यावर तिथे काय राखले जाते हे थोडेफार अवलंबून असते. निर्मनुष्य, धुक्यातली, कमळांच्या तळ्यात प्रतिबिंबित झालेली पहाट आम्हांला हवी असते. पहाटे पाच वाजता दोन हजार लोक त्या निर्मनुष्यतेची छायाचित्रे घ्यायला एकमेकांना ढकलत उभे असतात. त्या चित्रात कोणाची दोरीवर वाळत घातलेली कापडे नकोत. ती दूर करणाऱ्यांना आपण गिऱ्हाईक पुरवतो. 'हे आपलंच' म्हणणाऱ्याने निदान एवढी जबाबदारी तरी आपली म्हणावी.

शेवटच्या संध्याकाळी परतताना आम्ही टुकटुकवाल्याला म्हटले की तुमच्या जुन्या शिलालेखांतला एक शब्द आम्हांला ठाऊक आहे. पुस्तकात वाचलेला, 'स्रे'. भाताचे शेत. चौदाशे वर्षांपूर्वीच्या लेखांत तो आहे. त्याने आरशातून पाहिले, आमचा उच्चार त्याला कळेना. दोनदा म्हटल्यावर तो एकदम हसला. "स्राए!" त्याने दुरुस्त केले. मग म्हैस म्हणजे काय हे त्यानेच सांगितले, 'क्राबेई'. लेखांतले 'क्रपि' आम्हांला आठवले. उत्तरेच्या खंदकाचे वळण आले तेव्हा त्याने वेग कमी केला आणि डावीकडे हात केला. तिथे सपाट केलेली तांबडी माती होती, मध्ये एक आंब्याचे झाड, आणि कडेला गाळाने भरत आलेले एक लहानसे चौकोनी तळे.